पदरात पडलेलं भात

मालकाच्या मुकादमानं दारात येऊन भाताचं टोपलं कलतं केलं आणि भिकलीनं सवयीनं पदर पसरला. भात पदरात पडल्यावर म्हातारीच्या ध्यानात आलं, की या चैत्रातच सगळा पाडा वेठीतून सुटलाय.

"झालं!" मुकादम हसला. "मालकाची खावटी, उसनं धान्य घेतलंस म्हातारे. आता पहिल्यासारखं वर्षभर राबायचं, सुनेसकट."

घरात नुसता रानातला कंद शिजत होता. पण पदरात आलेलं धान्य म्हणजे धान्याची देवी, कणसरीमाय. तिला मागे लोटणं पाड्यात कुणी केलं नव्हतं.

"जिवले, काय करून बसले गं मी?"

सुनेनं आधी धान्याला हात जोडले. मग हळूच म्हणाली, "माय घरात आली, ती राहील. पण ही खावटी नाही, मुकादमदादा. उद्याची मजुरी आहे. उद्या आम्ही दोघी लावणीला येऊ, की फिटलं. पुढच्या दारांतही हेच ऐकाल."

"मालक ऐकायचे नाहीत."

"मग रोपांना सांगा, थांबा म्हणून. पिवळी पडायला लागलीत."

दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या बायांनी सूर्य कलेपर्यंत लावणी केली. अर्धं शेत अजून उघडंच होतं.

"उद्या लवकर या गं," मुकादम म्हणाला.

"येऊ की," जिवली चिखलातून बांधावर चढली. "उद्याचं भात आत्ता द्या."

तिच्यामागून एकेक बाई वर आली आणि बांधावर बसली. मुकादम मालकाच्या भाताच्या कोठीकडे चालू लागला.