'आवडत नाही' नंतर शिकवा

"बाई, 'आवडत नाही' एवढ्यात शिकवू नका ना," वर्ग सुटल्यावर लिफ्टवाला म्हणाला, तशा तुर्की भाषा शिकवणाऱ्या बाई फळा पुसता पुसता थांबल्या.

"का हो?"

"'आवडतं'च अजून पक्कं झालं नाही."

थापा! नऊ जणांत ह्याचंच तर सगळ्यात पक्कं होतं.

बाईंच्या वर्गात पहिल्या धड्यापासून नावं बंद. ज्याने त्याने आपला धंदा सांगायचा. म्हणून हा लिफ्टवाला, आणि त्याच्या जोडीला बसते ती नर्स. महिनाभर दोघं एकमेकांना एकच विचारत होते, तुम्हाला काय करायला आवडतं?

"यूझमेयी सेवेरिम," नर्स एकदा म्हणाली. मला पोहायला आवडतं. लिफ्टवाला आ वासून बघतच राहिला. मग त्याने ते वाक्य वहीत दोनदा लिहून काढलं. ती यायच्या आधी तो तिची खुर्ची पंख्याखालून बाजूला सरकवून ठेवायचा. निघताना मात्र दोघं अनोळखी माणसांसारखे वेगवेगळे जायचे.

बाईंना आधी कौतुकच वाटलं. मग त्याच्या बोटातली लग्नाची अंगठी दिसली आणि त्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला. माणूस तर सरळ दिसतो! पण बाईंचा स्वतःचा संसार अशाच एका सरळ दिसणाऱ्या माणसाने मोडला होता. दुसऱ्या कुणा बाईचं घर आपल्याच वर्गात बसून मोडावं? छे!

"घरी बायको आहे ना?" त्यांनी विचारलंच.

"आहे की."

"मग ती काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही."

बिचारी! बाईंनी डस्टर टेबलावर आपटलं.

"मग ऐका. उद्यापासून नर्सबाई सकाळच्या वर्गात."

लिफ्टवाला बाकावर बसून रडायलाच लागला. "असं नका करू हो बाई. घर मोडेल माझं."

"मोडू नये म्हणूनच करतेय!"

आता ह्यात रडण्यासारखं काय होतं, ते बाईंना कळेना. तेवढ्यात दाराशी चाहूल लागली. नर्स कधीची तिथे उभी होती. ती आत आली, पण त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

"सकाळचा वर्ग नको, बाई," ती म्हणाली. "घरी आम्ही दोघं दीड वर्ष एकमेकांशी बोललेलो नाही."