हटा

दशांशांची गणितं झटपट करणारा शामलामावशींचा जुना, पडून राहिलेला कोड मी पुन्हा उभा केला, आम्ही बनवत असलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेत जोडला आणि ‘आणखी वेगवान केला’ अशी मेल टीममधल्या सगळ्यांना टाकली. दुपारी उत्तर आलं: ०.७ अधिक ०.५ बरोबर ०.२ येतंय. लॅपटॉप घेऊन मी इंदरगंजला मावशींकडे पळालो. “इंग्रजी अक्षरांत ‘हाता’ लिहिलेल्या ओळी कुठे गेल्या?” मावशींनी विचारलं. “‘हाता’? एच-ए-टी-ए? मी ‘हटा’ वाचलं. म्हणून हटवल्या.” “अरे, ‘हाता’ म्हणजे हातचा! बेरजेतला हातचा!” घरी मराठी बोलत असलो तरी गणित मी हिंदीतूनच शिकलो होतो; हातचा म्हणजे काय, हे विचारायला माझं तोंड उघडेना. मावशींनी चष्मा काढला. मग हळूच, हिंदीत म्हणाल्या, “हासिल, बेटा.”