कबुलीचा ठेका
काझीसाहेबांनी विचारलं, "कबूल है?" आणि अकिबची जीभ 'क'वर अडकली. लहानपणापासून ती अशीच अडकायची. म्हणून निकाह ठरल्यापासून तो कॉम्प्युटरवर संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेका बनवून त्यावर हा शब्द घोटत होता. दोन हलके ठोके, तिसरा जड. तिसऱ्यावर 'क' हमखास सुटायचा. शेजारचे दिलावरमामू भिंतीवर काठी आपटून ओरडायचे, "बंद कर रे! झोप नाय लागत!" इथे महाडच्या मशिदीत ठेका कुठला? आठवावा म्हटलं, तर छातीची धडधडच मोठी. काझींनी पुन्हा विचारलं. मुलीचा भाऊ पुटपुटला, "याच्या मनात नाय की काय?" तिचे वडील अर्धवट उठले. तेवढ्यात मागे फरशीवर काठी वाजली. टक, टक, ठक्क. तोच ठेका. तिसऱ्या ठोक्यावर अकिब बोलला, "कबूल है!" गळाभेटीला मामू आले, कपाळावर नेहमीचीच आठी. "आता तरी झोपू देशील?"