हा माझा मुलगा नव्हे

"हा माझा मुलगा नव्हे," मा-ड्लोमो म्हणाली आणि पुन्हा मका निवडू लागली.

अंगणात बायकांचा आनंदाचा गलका चालला होता. तो एकदम थांबला. झोलिले टोपी हातात धरून दारातच उभा राहिला. अर्धं आयुष्य परमुलखात काढून तो गावी परतला होता. गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा त्याचं नाव घेतलं तरी माणूस तुरुंगात जायचा. आता तो देशाचा मंत्री होता. कुंपणापाशी काळ्या गाड्यांची रांग लागली होती, आणि गाड्यांपाशी सूटबुटातली माणसं उभी होती.

"काकी, नीट बघ तरी!" पुतणी नोबान्तू म्हणाली.

"बघितलं. माझा मुलगा मेला, केव्हाच. साहेबांना म्हणावं, उगाच पेट्रोल जाळत येऊ नका."

कोणीतरी फिस्सकन हसलं. झोलिलेला हसू आलं नाही. परक्या शहरांतल्या भाड्याच्या खोल्यांत डोळे मिटले की त्याला हेच घर दिसायचं. शेणानं सारवलेली जमीन, गवताच्या छपरात मुरलेला धुराचा वास, कोवळ्या उन्हात गोठ्यातून निघणारी गुरं आणि त्यांना नावानं शिव्या घालणारी आई. सगळं जागच्या जागी होतं. आईच्या डोळ्यांत तेवढी त्याची ओळख नव्हती.

नोबान्तूनं त्याला बाजूला घेतलं.

"मनाला लावून घेऊ नकोस, दादा. हल्ली तिला काळवेळ कळत नाही. तू गेलास आणि पोलीस सारखे यायला लागले. अशाच गाड्या घेऊन. तुझा फोटो तिच्या नाकासमोर नाचवायचे. दर वेळी ती हेच म्हणायची. एकदा मारून तिचे दात पाडले, तरी हेच."

झोलिलेनं आईकडं पाहिलं. मग गाड्यांकडं पाहिलं.

भाषणं व्हायची होती, मेजवानीसाठी बैल कापायचा होता. त्यानं ते सगळं रद्द केलं आणि गाड्यांना माघारी धाडलं. अंगातला कोट काढला, नोबान्तूकडून एक जुनं घोंगडं मागून घेतलं आणि तो नदीवर जाऊन बसला.

उन्हं कलल्यावर तो एकटाच, पायी, टेकडी चढून आला. मा-ड्लोमो दारातच होती. तिनं आधी त्याच्या पाठीमागची वाट न्याहाळली. मग मनगट धरून त्याला आत ओढलं, दार लावलं आणि आंबट दुधाचं भांडं त्याच्यापुढं सरकवलं.

"पी. किती रे वाळलास!"

त्यानं भांडं तोंडाला लावलं. ती त्याच्या कानाशी वाकली आणि तिनं अगदी हळू विचारलं,

"गेले का रे ते?"

"गेले, आई," झोलिले म्हणाला. "सगळे गेले. आता परत नाही यायचे."