डोक्याचं माप

उंद्रीत मी मुलींना क्रोशाच्या सुईनं लोकरीच्या टोप्या विणायला शिकवते. ज्याला भेट द्यायची, त्याच्या डोक्याचं माप दोऱ्यावर घेऊन यायचं. उसवायची वेळ आली तर जिचं तिनं उसवायचं. मी हात लावत नाही. आठवीतल्या योगिनीची टोपी सर्वांत सुबक झाली. “बाबांसाठी का गं?” “नाही आजी, नवरदेवासाठी. माप आईनं आणून देलं. रुखवतात मांडाची हाय.” “कोणाच्या लग्नात?” “माह्या. सोमवारी हाय.” तेरा वर्षांची पोर! “त्याला पाहिलंस तरी?” ती हसली. “कुठी पाह्यलं! डोकं मोठं हाय, एवढंच समजलं.” तिच्या हातातून टोपी घेतली, शेवटची गाठ सोडली आणि धागा ओढतच राहिले. “आजी, काऊन उसवता?” “स्वतःच्या डोक्याचं माप घे,” म्हणत मी तिला कोरा दोरा दिला आणि चाइल्डलाइनला फोन लावला.