पाच सेकंद

नजर जास्त वेळ थांबली तर चित्र जास्त लक्षात राहतं का, हे प्रज्ञेशला कॉलेजच्या प्रयोगासाठी तपासायचं होतं. सुट्टीत सेनगावला आल्यावर त्यानं तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आईलाच समोर घेतलं. मोबाइलवर दहा फोटो दाखवले: बैल, एसटी, आठवडी बाजार, आणि मधेच हळूच वर्गातली ऐश्वर्या. घड्याळात बघून प्रत्येक फोटो बराबर पाच सेकंद दाखवायचा, असा नियम.

"आता सांग आई, कोणता ध्यानात राहिला?"

"ती पिवळ्या ओढणीवाली पोरगी."

प्रज्ञेशला मनातून गुदगुल्या झाल्या. तरी त्यानं साळसूदपणे विचारलं, "तीच काहून?"

आईनं हातातली शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले.



"तिच्या येळंला तुलाच घड्याळाची याद राहिली न्हाई, बाबा."