डावी बाही

स्वेटर टेबलावर उताणा पसरला होता आणि सून टेप घेऊन त्याच्यावर वाकली होती. विणलेल्याचं माप कसं घ्यायचं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. ओढायचं नाही, मांडीवर घ्यायचं नाही, सपाट ठेवून हातानं नुसतं सारखं करायचं. उजवी बाही तेरा इंच भरली. डावीही तेराच.

तिचं डोकंच फिरलं. काल तिनं टाके बंद केले तेव्हा डावी दहा होती, आणि ती काही चुकून दहा नव्हती. सात वर्षांच्या लेकीचा डावा हात जन्मापासूनच आखूड. घरात सगळ्यांना ते दिसत होतं, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

"ह्या बाहीला हात कोणी लावला?"

"मी," सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. "तू कामावर गेलीस तेव्हा दुरुस्त केली. एक लांब, एक आखूड, शोभतं का ते? उद्या सगळ्या घराचा फोटो आहे."

"बाही दुरुस्त केलीत. हाताचं काय करणार आहात?"

"आवाज खाली ठेव. हात झाकला जातो, एवढंच. पोरीच्या भल्याचंच बघतेय ना मी."

"आईनं चांगल्या मनानं केलंय गं," नवरा मोबाइलमधून मान वर न काढता पुटपुटला. "जाऊ दे ना."

जाऊ दे, जाऊ दे. सात वर्षं हेच चाललं होतं. प्रत्येक फोटोत पोरगी मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआड. त्यात ती डावखुरी. लिहायची त्याच हातानं, चित्रं काढायची त्याच हातानं, आणि आता तो हात लोकरीच्या पिशवीत कोंबायचा म्हणे. सुनेच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"बिट्टे, इकडे ये. घाल बघू हा."

पोरीनं घातला. डाव्या बाजूला बोटांचा पत्ताच नव्हता. सुनेनं कडेची गाठ कापली आणि धागा ओढला. बाही खांद्याकडून खाली विणलेली, त्यामुळे टोकाकडून भराभर उसवत गेली. सासूबाई ताडकन उठल्या.

"अगं, माझी दुपारभराची मेहनत आहे ती."

"मग आता उसवताना पण बघा," सून म्हणाली. "आणि हातही बघा. एकदा तरी नीट बघा."

बोटं दिसायला लागली. सासूबाईंनी जोडलेली लोकर जरा गडद होती. ती संपली आणि सुनेचे स्वतःचे टाके लागले. तिथं तिनं धागा सोडला.

"झालं. आता बाही मापात आहे."

पोरीनं दोन्ही हात समोर धरले. आधी एक पाहिला, मग दुसरा.

"नाही झालं," ती म्हणाली. "उजवी मनगटापर्यंत आहे. ही तू पण बोटांपर्यंत केली होतीस."

नवऱ्यानं पहिल्यांदाच मान वर केली. सुनेचा राग तसाच होता, पण तो आता कोणावर काढावा ते तिला कळेना.

पोरीनं लोंबणारा धागा उजव्या हातात धरला आणि स्वतःच उसवायला लागली.